कणगीत बोलणारी बरणी

वरकुट्यात तानूबाईचं नाव काढलं की पिणारा माणूस वाट सोडून उसात शिरायचा. उगाच नाही. पंच्याण्णव सालच्या उन्हाळ्यात ओढ्याकाठची हातभट्टी बंद पाडली ती या बाईनं. पदर खोचला, मुसळ खांद्यावर टाकलं, मागं आळीतल्या बायका घेतल्या आणि ओढ्यात उतरून रांजणांच्या खापऱ्या केल्या. नवसागराचा तो घाणेरडा वास तीन धुण्यांत लुगड्यातनं गेला नाही. तेव्हापासून तिच्या डोक्यात पक्कं बसलं, दारू म्हणजे तो वास. नाक धरायला लावते ती दारू.

त्याच दिवशी बिरदेवाच्या देवळात भंडारा उचलून बायकांनी शपथ घेतली. शपथेतले शब्द तानूबाईचेच. ज्या घरात दारू घावंल, त्या घरच्या बाईनं आपल्या हातानं भांडं फोडायचं, आणि फोडताना देवाचा ढोल त्या दारात वाजणार. मग ती पाटलीण असू द्या न्हायतर कोण असू द्या. ढोल वाजवायचं काम तानूबाईच्या नवऱ्याकडं, रावजीकडं. म्हातारा गुडघ्यानं अधू, पण ढोल गळ्यात अडकवला की गुडघे विसरायचा. त्या साली पाच दारांत ढोल वाजला. दारात ढोल वाजलेल्या बाया पुढं महिना महिना पाणवठ्यावर मान वर करत नव्हत्या. तानूबाईला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. खरं सांगायचं तर जरा बरंच वाटायचं.

आता या बाईच्या काळजात एक सल होता. लेक मनिषा दिलेली कऱ्हाटीला. पहिल्या बाळंतपणात तिला दूध आलं नाही, पोर शेळीच्या दुधावर वाढली. मनिषाच्या सासूनं ते जेजुरीपासून बारामतीच्या बाजारापर्यंत सांगायचं बाकी ठेवलं नाही. "आईनंच नीट खाऊ घातलं नसंल," असं वर. त्या वाक्यानं तानूबाईचं पित्त खवळायचं. म्हणून दुसऱ्या खेपेला मनिषा माहेरी आली तेव्हा तिनं मनाशी ठरवलं, यंदा लेकीच्या पदराला दूध न्हाय आलं तर नावाची तानू न्हाय.

उपाय तिला ठाऊक होता. मेंढरं होती तेव्हा आटलेली मेंढी ती पाथरीवर चारायची. पाथरी म्हणजे उसाच्या बांधावर जमिनीला चिकटून पसरणारी भाजी, पिवळीधमक फुलं येणारी. मेंढीला चालतं ते बाईला का नाही? पण मनिषा कडू तोंडात धरेना, भाजी ताटाखाली लपवायची. मग तानूबाईनं नुसती फुलं खुडली. बांधाबांधानं ओटी भरून आणली, देठ काढून टाकले, कारण कडूपणा सगळा देठात. पाकळ्यांवर उकळतं पाणी ओतलं, गार झाल्यावर त्यात ढेपेतला चांगला गूळ फोडून घातला, दोन लिंबं पिळली. काढा मुरला पाहिजे, अन् मुरायला ऊब पाहिजे. म्हणून लोणच्याची मोठी चिनी मातीची बरणी भरली, तोंडाला फडकं बांधलं, रावजीच्या जुन्या घोंगड्यात गुंडाळली आणि ज्वारीच्या कणगीत गळ्यापर्यंत पुरली.

दोन दिवसांनी ज्वारी काढायला गेली तर कणगीतनं आवाज. बुडबुड, बुडबुड. तानूबाई जागच्या जागी थिजली. कान लावला. बरणी बोलत होती. दुसरी कुणी असती तर फडकं सोडून बघितलं असतं. हिनं हात जोडले, देव्हाऱ्यातला भंडारा आणला आणि बरणीवर चिमूटभर टाकला. देवाच्या आलं मनात, काढ्यात उतरला. मग रोज सकाळी भंडारा. अमावस्येच्या सुमारास बरणी गप्प झाली, तेव्हा ती म्हणाली, "मुरला."

मनिषा बाळंत झाली, मुलगा झाला. सकाळ-संध्याकाळ वाटीभर काढा सुरू झाला. आणि काय सांगावं, दूध आलं. ते पाथरीनं आलं का आपसूक, देव जाणे. पण त्याहून नवल बाळाचं. बाळ रडेचना. पाजलं की झोपायचं ते हलवलं तरी उठायचं नाही. "कित्ती गुणाचं गं माझं," तानूबाई बोटं मोडायची. मनिषाही खुशीत, बाजेवर पडल्या पडल्या आपली आपण हसायची. रावजीनं गुडघ्यासाठी म्हणून वाटी मागितली. दुसऱ्या दिवशी दुसरी मागितली. त्यानंतर म्हातारा दुपारच्या जेवणानंतर ओव्या म्हणायला लागला. तानूबाई म्हणाली, गुडघ्याला गुण आला.

मग काय, गावात बातमी. वरच्या आळीतल्या दोन ओल्या बाळंतिणींकडं तिनं तांब्या तांब्या पोचवला. स्वतः मात्र थेंब चाखला नाही. बाळंतिणीच्या वाटणीचं खाणं म्हणजे पाप.

कौसल्याची सून बाळंत झाली तेव्हा तांब्या घेऊन ती स्वतःच गेली. कौसल्या म्हणजे तिचा उजवा हात. भट्टी फोडली तेव्हा दुसरं मुसळ तिचं होतं. तिचा नवरा दारूनंच गेलेला. तानूबाईच्या घरात मात्र पिढ्यान् पिढ्या कुणी प्यालं नव्हतं.

"घे," तानूबाई म्हणाली. "सुनेला दे. लेकरू बघ कसं निजतं ते."

कौसल्यानं तांब्या घेतला, सवयीनं नाकाजवळ नेला आणि तिचा हात थांबला. चेहऱ्यावरचं हसू जागेवरच सुकलं. तिनं तांब्या चुलीमागं ठेवला, उठून दार लोटलं आणि परत येऊन बसली.

"ताने, ह्यात काय घातलंस?"

"पाथरीची फुलं. गूळ. लिंबू."

"अन् किती दिस ठेवलंस?"

"मुरंस्तोवर. बोलत हुती बरणी. का गं?"

"तू चाखलीस?"

"मी कशाला चाखू?"

कौसल्यानं वाटी भरली आणि तिच्यापुढं धरली. "आता चाख. सगळी पी."

तानूबाई प्याली. फुलांचा वास, गोडसर, जरा आंबूस. वंगाळ काहीच नाही. ती तसं म्हणणार तोच छातीतनं एक ऊब खाली उतरली आणि मग वर चढली. कानाच्या पाळ्या गरम झाल्या. समोरची चूल हलल्यासारखी झाली.

"वीस वरसं मी ह्या वासाशेजारी झोपले," कौसल्या हळूच म्हणाली. "हातभट्टीची न्हाय. पण दारूच हाय ही."

तानूबाईनं वाटी परत नाकाशी नेली. घाण वास नाही, आग नाही, नवसागर नाही, आणि दारू? माझ्या कणगीत? देवाचा भंडारा टाकून? पाच दारांत आपण मुसळ घेऊन उभं राहिलो ते पाच चेहरे तिच्या डोळ्यांपुढनं गेले.

"हे बघ," कौसल्या म्हणाली, "बरणी उकिरड्यावर ओत. माझ्या तोंडातनं शब्द जायचा न्हाय. माझ्या गळ्याशपथ."

तानूबाई मान डोलवणार होती. खरंच डोलवणार होती. पण तेवढ्यात पलीकडच्या खोलीत कौसल्याचा नातू टाहो फोडून रडला. लेकरं अशी रडतात. आपलं रडत नाही.

ती उठली ती चप्पल न घालता. भर दुपारी गावातनं साठीची बाई पळत निघाली, तसं बघणारे ओट्यावरनं उठून उभे राहिले. घरात मनिषा बाजेवर पेंगत होती. झोळीत बाळ. तानूबाईनं त्याला उचललं. मान ढिली. टाचेवर टिचकी मारली, काही नाही. गार पाण्याचं बोट तोंडावरनं फिरवलं. पापणी हलली आणि परत मिटली.

"आई, झोपू दे की त्याला," मनिषा म्हणाली.

"न्हाय झोपू देत." तिचा आवाज तिलाच ओळखू येईना. "रड रं बाबा. एकदा रड."

तिनं बाळाचं दुपटं सोडलं, उघडं केलं, तळवे चोळले, परत टिचकी मारली, जरा जोरात. बाळाचे ओठ आधी वाकडे झाले. मग चेहरा लाल झाला, आणि मग त्यानं असा काही सूर लावला की दारातली कोंबडी उडाली. तानूबाई त्याला छातीशी धरून मटकन खाली बसली आणि त्याच्याहून मोठ्यानं रडली. मनिषा पार घाबरून गेली. आईला रडताना तिनं कधी बघितलं नव्हतं.

डोळे पुसून तिनं लेकीला सगळं सांगितलं. मनिषाचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं बाळ ओढून घेतलं आणि आईकडं असं बघितलं की तानूबाईला ती नजर सोसेना. वरच्या आळीतल्या दोन पोरींनाही अशाच नजरेला नजर देत सांगायचं होतं.

तिनं कणगीत हात घातला. घोंगडं सोडलं, बरणी बाहेर काढली आणि अंगणात उंबऱ्यासमोर आणून ठेवली. मुसळ घेतलं. रावजी बाहेरच्या बाजेवर नुकताच ओवी धरत होता.

"अवं, उठा," ती म्हणाली. "ढोल काढा."

"आत्ता? कुणाच्या घरात घावली?"

तानूबाईनं पदर खोचला. आत बाळ अजून रडत होतं, आणि तिला वाटत होतं, रडू दे, गावाला ऐकू जाऊ दे.

"आपल्या," ती म्हणाली. "अन् नीट वाजवा. दुसऱ्यांच्या दारात वाजवला तेवढाच."