जुळणारं रक्त

गयाबाईनं मरोदा वस्तीचा अर्धा बुद्धविहार रक्तपेढीत आणून उभा केला होता. सून प्रेरणा सिकलसेलची, त्यात पहिलटकरीण. अंगातलं रक्त पार उतरलेलं, लवकर चढवलं नाही तर दोन्ही जीव धोक्यात. ही मंडळी दरवर्षी जयंतीला रक्तदान करणारी, गटही सुनेचाच. तरी तपासणारी नीतू एकेकाला परत धाडत होती.

"नाही जुळत," हे विहारातल्या थोरल्या श्यामरावांनाही ऐकवल्यावर बाईचं डोकं फिरलं. फिरणारच की! तिच्या बापाला गावच्या विहिरीवर वरून पाणी ओतायचे.

"आमचं रक्त कावून नाही चालत तुमाले? गट तर एकच आहे. का आमी आमी आहो म्हनून?"

नीतूचा चेहरा उतरला, पण ती उलटून बोलली नाही. बाईला आत नेऊन तिनं एक नळी उजेडात धरली. सुनेच्या रक्तातल्या पाण्यात श्यामरावांच्या रक्ताच्या गुठळ्या झाल्या होत्या. मग हिंदीतून समजावलं. प्रेरणाला आधी कैकदा रक्त चढलंय. त्यातली एक खूण तिच्या शरीराला परकी वाटली आणि त्यानं त्या खुणेशी वैर धरलं. आता ती खूण नसलेलंच रक्त हवं, आणि असा माणूस हजारात शोधावा लागतो.

"तुह्या बी रक्तात हाय ते खूण?"

"हाँ अम्मा, मेरा भी नहीं चलेगा."

गयाबाई ओशाळली. "मले वाटलं..." म्हणाली आणि बाकावर जाऊन बसली.

नीतू जुन्या रक्तदात्यांना फोन लावत राहिली. संध्याकाळी एक जण सापडला, नेहरू नगरचा. दुकान बंद करून आला, रक्त देऊन गेला. ते जुळलं.

दुसऱ्या दिवशी प्रेरणानं स्वतःहून वरणभात मागितला, तेव्हा गयाबाई पदर तोंडाला लावून रडली. तशीच रक्तपेढीत आली.

"पोरी, तुहे उपकार नाही फिटायचे. त्या मानसाचं नाव सांग, पाय धरीन त्याचे."

नाव सांगायचं नसतं, नीतू म्हणाली.

नाव कळलं असतं तर लगेच आपण आडनाव विचारलं असतं, हे गयाबाईला पक्कं ठाऊक होतं. जन्मभर लोकांनी तिला तेच विचारलं होतं, आणि तिनं लोकांना. आता तो कोणीही असू शकत होता, आणि त्या कोणाचाही तिला राग येईना. फार बरं वाटलं तिला.

ती खुर्चीत बसली आणि बाही वर सारली.

"माहं घे. ज्याले जुळन त्याले दे. अन् माहं नाव सांगू नोको."