मचव्याची शाकारणी

धाकू तांडेल आणि येसूबाई यांचं जमिनीवर घर नव्हतं. जयगडच्या खाडीत कौलं आणि मीठ वाहणारा मचवा हेच त्यांचं घर. मागच्या अंगाला चूल, पुढे अंथरूण. मूलबाळ नव्हतं. मिठाच्या सत्याग्रहानंतर दुसऱ्या वर्षी धाकूच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. उजेड आणि काळोख, एवढाच फरक त्याला कळू लागला.

मिरजेला डोळे कापून बरे करतात, असं ऐकलं. येसूबाईची बहीण तिथेच दिलेली. पण गेलं म्हणजे पावसाळा घाटावरच काढायला लागणार. हेदवीहून धाकूचा भाऊ गंगाराम आला नि म्हणाला, "दादा, मचवा इकून टाक. परत येशील तेव्हा लाकडंच उरतील."

येसूबाई मात्र म्हणाली, "भावजी, घर इकून कोन गावाला जातं? मी ठेवतंय नीट. तुमी फक्त पुनवेच्या उधाणाला मानसं घेऊन या."

उधाण आलं तेव्हा येसूबाईनं सुकाणू स्वतः धरलं. खाडीच्या वरच्या वळणावर वाळूचा दांडा होता. "डावीकडे घे" असं धाकू ओरडणार, तोच मचवा अलगद डावीकडे वळलेला त्याला अंगाखाली जाणवला. वीस वर्षं ही बाई चुलीपाशी बसून आपलं सगळं बघत होती, हे त्याला आज कळलं.

भरतीच्या शेवटच्या लाटेवर माणसांनी मचवा माडाच्या ओंडक्यांवरून वर ओढला. मग येसूबाईचं काम सुरू झालं. धाकू बाजूला बसून आवाज ऐकायचा. तोल राखायला तळात भरलेले धोंडे बाहेर पडले, डोलकाठी उतरली. शीड गोड्या पाण्यात धुऊन ती गंगारामच्या माळ्यावर टांगून आली. फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठोकत होती तेव्हा ठोका कुठे कमी-जास्त पडत नव्हता. वर लाकूड टिकावं म्हणून उंडीच्या बियांचं कडू तेल, त्यावर झावळ्यांचं छप्पर.

एक दिवस हात फिरवता फिरवता धाकूचं बोट तळाच्या भोकात गेलं. तो हादरलाच. "अगो येसू! बूच खय गेलं?"

"मीच काढलंय. आत पडलेलं पावसाचं पानी जायाला वाट नको?"

धाकू खो खो हसला. कितीतरी दिवसांनी हसला. "हे माझ्या टाळक्यात आलं नसतं गो," म्हणाला.

मिरजेत एक डोळा बरा झाला. भिंगाचा जाड चष्मा लावून तो येसूबाईबरोबर आश्विनात परतला. वादळानं अर्धं छप्पर उडवलं होतं, दोन फळ्यांवर शेवाळ धरलं होतं. बाकी मचवा सुका खडखडीत. धाकू वाकून एकेक सांधा बघत राहिला. इतक्या सरळ रेघेत कापूस त्यानं स्वतः कधी भरला नव्हता.

बूच परत ठोकून कोजागिरीच्या भरतीला मचवा पाण्यात गेला. सुकलेलं लाकूड फुगून सांधे मिटेपर्यंत दोघांनी मिळून पाणी उपसलं. त्यानंतर बंदरात कुणी विचारलं, मचवा कुणाचा, की धाकू तांडेल चष्मा सावरत सांगायचा, "येसूचा. मी त्याच्यावर राहतंय."