डाव्या स्पीकरची कैफियत

मित्रांनो, जुन्या स्पीकरला कुणी आपण होऊन काही विचारत नाही, म्हणून मीच सुरुवात करतो. मी लांब पल्ल्याच्या एका मोटारसायकलचा डावा स्पीकर. म्हणजे होतो. आज मी स्वयंपाकघरातल्या फळीवर, एका लाकडी खोक्यात बसलेला आहे. माझा जोडीदार, उजवा स्पीकर, कुठे गेला ते मला ठाऊक नाही.

माझा जन्म कारखान्यातला. तिथे माझा कागदी पडदा चिकटवला, मागे लोहचुंबक बसवलं, पावसाचं पाणी आणि खड्ड्यांचे धक्के सोसतो की नाही ते तपासलं आणि मगच गाडीच्या पुढच्या आवरणात माझी जागा ठरली. कंपनीचा म्हणून मला थोडी ऐट होती, हे कबूल करतो.

आम्हाला ज्याने निवडलं तो माणूस पाणीखात्यात कामाला होता. त्याचं काम मोठं नवलाचं. रस्ते जागे व्हायच्या आत तो एक लांब सळई घेऊन निघायचा, तिचं टोक जमिनीवर टेकवायचा आणि दुसऱ्या टोकाच्या लाकडी चकतीला कान लावायचा. खाली पुरलेला नळ कुठे फुटलाय हे त्याला नुसतं ऐकून कळायचं. तो खडूने फुली मारी आणि खणणारे बरोबर तिथे खणत. खात्यात सगळे त्याला कानसेन म्हणायचे. मीही त्याला तेच म्हणेन.

शोरूममध्ये त्याने दहा गाड्या पाहिल्या. आमच्या गाडीजवळ आल्यावर रेडिओ लावला, खाली वाकला आणि चक्क मला कान लावला. "स्वच्छ आवाज आहे. कुठे खरखर नाही," तो बायकोला म्हणाला. एवढ्या मोठ्या जाणकाराने दिलेली ती शाबासकी मी आजवर जपून ठेवली आहे. दुसरी मिळाली नाही.

मग सुट्टी आली की आम्ही निघायचो. पुढे कानसेन, मागे त्याची बायको. मालकीणबाई बोलक्या होत्या. शेतं, पूल, घाटातली वळणं, सगळ्यांवर त्यांचं काही ना काही मत असायचं. कानसेन हेल्मेटमधूनच हसायचा, उत्तरं द्यायचा. माझा आवाज तेव्हा आठवर असे आणि तिघांचंही नीट चालायचं.

पण हायवेवर वारा फार. तासन्‌तास तो कानांवर आपटत राहतो. वाऱ्यावर मात करायची म्हणून कानसेनने मला आठावरून बारावर नेलं, बारावरून विसावर. एकदा मालकीणबाईंनी कानात घालायचे मऊ बोळे आणले. "अहो, वाऱ्याचा त्रास कमी होतो म्हणे. घालून तर बघा."

"बोळे? मी?" तो हसत सुटला. "खात्यात कळलं तर माझी वरात काढतील. अगं, कानावरच तर घर चालतंय आपलं."

बोळे डिकीत पडले आणि तिथेच राहिले. मी विसावर गात राहिलो, पुढे सव्वीसवर. मला कुणी विचारलं नव्हतं हे खरं, पण त्या कानांत ओतलं जात होतं ते माझ्यातूनच. यात माझाही वाटा आहे आणि तो मी नाकारत नाही.

सातव्या वर्षी त्याने पहिल्यांदा तक्रार केली. "याचा आवाज बसलाय. नुसता घुमतो, शब्द कळत नाहीत."

मित्रांनो, मी घुमत नव्हतो. माझ्या पडद्याला चीरसुद्धा नव्हती. पण मला त्याच्याशी बोलायचं कसं? मला रेडिओचं बोलणं बोलता येतं, स्वतःचं नाही.

मग सुरू झाला तो शोध. कंपनीचे मोठे स्पीकर घ्यायचे की बाहेरचे? कानसेनने महिनाभर त्याचाच ध्यास घेतला. शोरूममधला पोरगेला विक्रेता सांगे, "सर, कंपनीचाच घ्या. जागच्या जागी बसतो, एकही तार कापावी लागत नाही, वॉरंटी राहते. गाडीचा वेग वाढला की आवाज आपोआप वाढतो." बाजारातल्या साउंडवाल्याचं म्हणणं निराळं. "कंपनीवाले नावाचं खातात, साहेब. मी अॅम्प्लिफायर टाकून देतो, दुप्पट आवाज. तारा कापाव्या लागतील, बॅटरीवर जरा ताण येईल, पण मागच्या गाडीवाल्यालाही गाणं कळेल." घरी जेवताना एकदा हे, एकदा ते. आजार रेड्याला आणि औषध पखालीला, असा तो प्रकार होता आणि तो फक्त मला दिसत होता. मालकीणबाईंनाही दिसायला लागला होता का, ते सांगता येत नाही. गाडीवर त्यांचं बोलणं कमी झालं होतं एवढं खरं. एकच गोष्ट तीनदा कोण सांगणार?

शेवटी बाहेरचं ठरलं. साउंडवाल्याने मला काढलं, टेबलावर ठेवलं आणि सवयीने दोन तारा जोडून बातम्या लावल्या. मी जीव ओतून बोललो. इतका स्पष्ट मी कधीच बोललो नसेन.

साउंडवाला थबकला. "साहेब, हा तर ठणठणीत आहे."

"ठणठणीत? तोंडात बोळा कोंबल्यासारखा बोलतोय तो."

"मला तर शब्द न् शब्द कळतोय," मालकीणबाई हळूच म्हणाल्या.

"तू इथे दुकानात उभी राहून ऐकतेयस. गाडीवर वेगळं असतं."

तोही दुकानातच उभा होता. माझ्यापासून हातभर अंतरावर. साउंडवाल्याने मालकीणबाईंकडे पाहिलं, मालकीणबाईंनी साउंडवाल्याकडे पाहिलं आणि दोघंही गप्प बसली. ज्याचा कान आयुष्यात कधी चुकला नाही, त्याला कान चुकतोय हे सांगायचं कुणी? साउंडवाल्याने पेचकस उचलला आणि नवे स्पीकर बसवले. माझी रवानगी एका पुठ्ठ्याच्या डब्यातून घरी, गाडी ठेवायच्या खोलीतल्या फळीवर झाली.

तुम्हाला वाटेल, तारा तुटल्या की स्पीकर मेला. तसं नसतं. बोलता येत नाही, पण समोर कुणी बोललं की पडदा हलतो. त्या फळीवर मी दोन वर्षं नुसतं ऐकत काढली.

नवे स्पीकर कानठळ्या बसवणारे होते. शेजारचं बाळ दचकून उठायचं. कानसेन पंधरा दिवस खूश होता. तीन महिन्यांनी म्हणाला, "हेही घुमायला लागले." मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

मग एके दिवशी तो कामावरून लवकर आला. सळई भिंतीला टेकवून गाडीवर नुसता बसून राहिला. मालकीणबाई चहा घेऊन आल्या, तेव्हा म्हणाला, "फुली मारली तिथे आज पाणी नव्हतं. कोरडी माती. महिन्यात तिसऱ्यांदा."

"रहदारी वाढलीय ना हल्ली."

"पहाटे कसली रहदारी?"

मालकीणबाई त्याच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या, त्याला तोंड दिसेल अशा. "आपण कान तपासून घेऊ या."

तो चिडला नाही. मी ज्याची वाट पाहत होतो ते भांडण झालंच नाही. "चल," एवढंच म्हणाला आणि तिथेच मला कळलं की हे त्यालाही बऱ्याच दिवसांपासून ठाऊक होतं.

डॉक्टरांनी सांगितलं ते त्याने त्याच खोलीत भावाला फोनवर सांगितलं, उगाच मोठ्या आवाजात. बारीक आवाज गेले आहेत. जे गेलं ते परत येत नाही आणि पुढेही कमीच होत जाणार. यंत्र लावलं तर समोरासमोरचं बोलणं थोडंफार कळेल. जमिनीखालचं पाणी नाही. "काय?" तो मधेमधे विचारत होता. "काय म्हणालास?" शेवटी त्याने फोन मालकीणबाईंकडे दिला.

खात्याने त्याला भांडारात बसवलं, नळाच्या तोट्या आणि वायसर द्यायला. कानसेन हे नाव हळूहळू बंद झालं. त्याच्यासमोर ते घ्यायची सगळ्यांनाच लाज वाटू लागली असावी. यंत्र महिनाभर कानात होतं. त्यात वाराच जास्त ऐकू येतो म्हणून ते खणात गेलं. गाडीवर चादर पडली. मागून हॉर्न ऐकू येत नसताना चालवायची कशी? बोळे अजून तिच्या डिकीत आहेत.

यंदा मालकीणबाईंनी मला डब्यातून काढून साउंडवाल्याकडे नेलं. त्यांना घरात बोलणारं काहीतरी हवं होतं. त्याने मला हे खोकं केलं, आत छोटा रेडिओ बसवला. खोकं हातात देताना तो म्हणाला, "वहिनी, तेव्हाच मी बोलायला हवं होतं. गिऱ्हाईक म्हणालं बदला, मी बदललं."

"मी तर घरची होते," मालकीणबाई म्हणाल्या. "मीही नाही बोलले."

आता मी चारवर गातो. कालची गोष्ट सांगतो आणि थांबतो. मालकीणबाई भाजी निवडत होत्या, एक जुनं गाणं लागलं होतं आणि त्यांची मान हलत होती. कानसेन आला, समोर बसला. आधी त्याने त्यांच्या मानेकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"चालू आहे का गं?"

मालकीणबाईंनी मान हलवायची थांबवली आणि हाताने नाही अशी खूण केली. "बंद आहे."

त्याने हात पुढे केला आणि दोन बोटं माझ्या पडद्यावर टेकवली, जमिनीवर सळई टेकवायचा तशी, अलगद. मला थांबता येईना. गाणं अर्धं उरलं होतं, मी थरथरत होतो आणि ते त्याच्या बोटांना लागत होतं. त्याने गाणं संपेपर्यंत बोटं काढली नाहीत.

"हो," तो म्हणाला. "बंदच आहे."

मालकीणबाई मान खाली घालून भाजी निवडत राहिल्या.

मित्रांनो, कंपनीचा स्पीकर चांगला की बाहेरचा, यावर तुम्ही खुशाल भांडा. पण आवाज वाढवायच्या आधी एकदा शेजारच्याला विचारा, 'तुला नीट ऐकू येतंय का?' तो हो म्हणाला, तर गाडी दुकानात नेऊ नका. आणि तुम्ही ते शेजारचे असाल, तर गप्प बसू नका.

माझं म्हणाल तर मी अजून ठणठणीत आहे. कुठे खरखर नाही.