हिमकिनाऱ्यावरची वेणी

उत्तर समुद्राच्या काठी शिशिर उतरला होता. आइसलंडच्या त्या कोळ्यांच्या गावात सूर्य दुपारी डोंगराच्या खांद्याशी क्षणभर टेके, मधाळ, मंद, मावळतीलाच उगवल्यासारखा. आणि मग निळ्या, दीर्घ, निःशब्द संध्येत विरून जाई.

त्या अल्पायुषी उजेडात, खिडकीपाशी, कस्तुरी इंगवले बसली होती. कोल्हापूरच्या पेठेत पोरांच्या बरोबरीनं चेंडूमागे धावत वाढलेली, वाऱ्याच्या पायांची कस्तुरी. इथल्या फुटबॉल क्लबानं तिला बोलावलं, ती आली, खेळली. आणि शरदातल्या शेवटच्या सामन्यात तिचा गुडघा निखळला. शस्त्रक्रिया झाली. आईला मात्र तिनं काही कळू दिलं नव्हतं. फोनवर नुसता चेहरा दिसायचा, हसरा, निरोगी चेहरा.

तिच्यामागे आचिएंग उभी होती. केनियाची, विशाल सरोवराच्या काठची. संघाची गोलरक्षक आणि या घरातली तिची एकुलती सोबतीण. जाळीसमोर झेपावणारे तिचे ते बलदंड हात आता कस्तुरीच्या केसांत मोरपिसासारखे फिरत होते. बट वेगळी होत होती, बटेत बट गुंफली जात होती, आणि श्यामल, सुबक, रेशमी वेण्यांची ओळ हळूहळू माथ्यावर उमलत होती.

तेवढ्यात आईचा, शालनचा, फोन आला.

शालननं लेकीचा चेहरा न्याहाळला. मग केस. मग पुन्हा चेहरा.

"कस्तू, ह्या वेण्या कुणी घातल्या?"

"आचिएंगनं. माझ्याबरोबर राहती ती."

"लई वेळ लागला असंल."

"सकाळधरनं बसलोय," कस्तुरी म्हणाली, कोल्हापूरच्या पोरी बोलतात तशी, पोरांसारखी.

शालनला आठवलं. लहानपणी या पोरीची एक वेणी घालताना सारं घर पालथं व्हायचं.

"तू आन् सकाळधरनं एका जागी?" तिचा आवाज खाली आला. "पायाला काय झालंय, बाळ?"

मग मात्र बांध फुटला. कस्तुरीनं सारं सांगितलं. हुंदक्यांतून, तुटक, ओल्या शब्दांतून. आचिएंगला भाषा कळली नाही, रडणं कळलं. ती खाली बसली आणि तिनं कस्तुरीचा हात हातात घेतला.

"ती बाई हाय न्हवं तिथं? दाव मला."

पडद्यावर दोन स्त्रिया समोरासमोर आल्या.

"तिला लेकरू हाय काय, विचार."

"आहे. मुलगी," कस्तुरीनं उत्तर पोचवलं. "आजीपाशी असती. सहा वर्षांची."

"मग तिची वेणी कोण घालतंय?"

कस्तुरीची जीभ अडखळली. तरी तिनं विचारलं. आचिएंगनं खिडकीबाहेरच्या विझत्या आभाळाकडे पाहिलं आणि ती म्हणाली, "माझी आई."

 शालननं पदरानं डोळे टिपले, आणि पडद्यावरच, आचिएंगच्या कपाळावरून, सावकाश हात फिरवला. काचेवर उमटली फक्त बोटांची सावली. आचिएंगनं डोळे मिटून मान लववली.

"आई, येऊ काय गं घरला?" कस्तुरीनं विचारलं.

"आत्ता नगं." शालन म्हणाली. "आत्ता आलीस तर मी तुला पुन्यांदा सोडायची न्हाई. तिथंच बरी हो."

हिवाळा सरता सरता आचिएंगला दुसऱ्या क्लबाचं बोलावणं आलं. ती गेली, डोंगरांपलीकडच्या गावी. खेळाडूंचं बिऱ्हाड पाठीवरच असतं. कस्तुरी एकटीनं चालायला शिकली. मग पळायला, मग भिरभिरायला.

मग वसंत आला. बर्फातून हरित, कोवळं, थरथरतं गवत वर आलं, आणि त्या गवतावर, प्रतिस्पर्ध्यांच्या जाळीसमोर, आचिएंग उभी होती.

कस्तुरी धावली. डाव्या बगलेनं, वाऱ्याला कापत, बचावाला चकवत. आणि त्याच, बऱ्या झालेल्या पायानं तिनं चेंडू मारला. आचिएंग झेपावली. चेंडू तिच्या छातीशी विसावला.

गवतावर पडल्या पडल्या तिनं आधी पाहिलं ते कस्तुरीच्या गुडघ्याकडे. कस्तुरीनं पाय दुमडून दाखवला, सरळ करून दाखवला. आचिएंग हसली.

मग ती उठली आणि तिनं चेंडू दूर भिरकावून दिला. उंच, आणखी उंच, शुभ्र शिखरांच्या वर, सोनेरी उन्हात. आणि त्याच्या सावलीमागे, देशोदेशीच्या लेकी, केस उडवीत, धावत सुटल्या.