बुडबुडणारी नळी

श्शी! आठ दिवस आमच्या घरात सडक्या अंड्यांचा वास कोंडला होता, आणि आमचे हे त्या वासाभोवती बाळंतिणीच्या खोलीबाहेर घालाव्यात तशा येरझाऱ्या घालत होते. बँकेतून रिटायर झालेला माणूस बर्मिंगहॅमच्या थंडीत करणार काय? बागकाम करावं, ब्रिज खेळावा. चंद्रशेखरांनी वीस लिटरचा प्लॅस्टिकचा केग, म्हणजे पिंपच, आणला आणि बिअर आंबवायला घातली.

घातली तीही कुठे? वरच्या मजल्यावरच्या एअरिंग कबर्डमध्ये. गरम पाण्याच्या टाकीशेजारचं ते कपाट म्हणजे घरातली एकमेव उबदार जागा. तिथे माझे टॉवेल, आणि वरच्या फळीवर माझं दही. या देशात दही लागतं ते तिथेच.

ते दहीही साधं नव्हे. बावीस वर्षांपूर्वी आई पहिल्यांदा इथे आली तेव्हा विरजण स्टीलच्या डबीत, साडीच्या घडीत दडवून घेऊन आली होती. तेव्हापासून रोज त्यातलंच चमचाभर पुढच्या दुधाला. आई गेल्या वर्षी गेली. दही तेवढं राहिलं. चवीला अजून तिच्याच हातचं.

"अहो, हे घाणेरडं पिंप शेडमध्ये न्या," मी रोज म्हणायचे.

"शेडमध्ये गारठेल गं. यीस्ट काम करतंय, जरा दम धर."

केगच्या झाकणातून एक नळी निघालेली, तिचं टोक पाण्याच्या बरणीत बुडवलेलं. बुड बुड बुड. वर तपकिरी फेसाची साय. मी एकदा त्या बरणीत डोकावले. छातीच्या वॉर्डात नर्स म्हणून उभा जन्म गेला माझा. पेशंटच्या छातीतून काढलेली नळी अशीच बाटलीतल्या पाण्यात बुडबुडते. पण तिथे मला कधी मळमळलं नाही, इथे मळमळलं.

मंगळवारी सकाळी ड्यूटीला निघताना टॉवेल घ्यायला कपाट उघडलं, तर टॉवेललाही तोच वास! डोकंच फिरलं माझं. युनिफॉर्मच्या खिशात क्लॅम्प होता, नळी दाबून बंद करायचा प्लॅस्टिकचा चिमटा. काढला आणि खटकन नळीला लावला. बुडबुड बंद, वास बंद. बरं वाटलं.

संध्याकाळी परतले तर जिन्यावरूनच पायाला चिकट लागलं. केगचं झाकण उडालं होतं. भिंतीवर, टॉवेलवर, छतावर गाळ आणि फेस. दह्याचं काचेचं भांडं खाली येऊन फुटलेलं, आणि दही त्या घाणीत कालवलं गेलेलं. फ्रिजमध्येही थेंब नव्हता, आदल्या दिवशी सगळं कढीला वापरलं होतं.

हे गुडघ्यांवर बसून फरशी पुसत होते. "चुकलं माझं. नळी चोंदली असणार."

"चुकलं? माझी आई धुऊन टाकलीत तुम्ही! त्या गटारासाठी!" मी काय काय बोलले ते लिहायची लाज वाटते. दारुड्या म्हटलं. साठीचा माणूस, अजून एक घोट प्यायला नव्हता. त्यांनी फडकं बाजूला ठेवलं. हात धुतले, कोट चढवला आणि बाहेर पडले.

दहा मिनिटांत आले ते हातात झाकलेली वाटी घेऊन. शेजारच्या स्वरालीकडची.

डिसेंबरात ही स्वराली माझ्याकडे विरजण मागायला आली होती. इथे चारलाच अंधार, ती ऑफिसातून येते साडेपाचला. दिवेलागणीनंतर विरजण घराबाहेर द्यायचं नाही, हे आईनंच शिकवलेलं. शनिवारी उजेडी ये, म्हणून मी तिला परत पाठवलं. ती काही आली नाही. म्हटलं, गरज नसेल.

"त्याच दिवशी मागच्या दारानं दिलं होतं मी," हे म्हणाले. "तू ओरडशील म्हणून बोललो नाही. तेव्हापासून ती रोज लावते."

मी बोट बुडवून चाखलं. आईचंच होतं. डोळे भरून आले.

मग त्यांनी खिशातून काहीतरी काढून टेबलावर ठेवलं. स्वच्छ धुतलेला, कोरडा केलेला माझा क्लॅम्प.

"हा ड्यूटीवर लागेल तुला."

बुडबुडत्या नळीला कधीही क्लॅम्प लावायचा नाही, हवा कोंडते आणि पेशंट हातचा जातो. नव्या नर्सेसना पहिल्या दिवशी मीच हे घोकून घेते. आणि मी शिव्या घालत असताना हा क्लॅम्प त्यांच्या खिशात होता. आठ दिवस त्या पिंपाची किळस करत होते, आता माझीच आली.

"नळी मी बंद केली होती," मी म्हणाले.

"माहीत आहे," ते म्हणाले. "दूध तापवू का?"