शेवटचा आकडा

बाबा गेल्यावर चार महिन्यांनी धाकट्या भावाने पुन्हा पॅराग्लायडिंगला जायचं ठरवलं. माझी एकच अट होती: जीपीएस मी निवडणार.

दुकान मास्तरांचं. ते उडायला शिकवतात, उतरायच्या मैदानावर वॉकीटॉकी घेऊन बसतात आणि उरलेल्या वेळात सामान विकतात. आत घामट पट्ट्यांचा आणि ओल्या नायलॉनचा वास कोंडला होता. मला बघून त्यांनी चेहरा पाडला.

"यंत्र तेव्हाही चांगलंच होतं गं. माणूस घाबरला की आकडे चुकतात. वॉकीटॉकीवर जागा सांगताना अक्षांशाची पंचवीस मिनिटं, पन्नास सेकंद म्हणाले बाबा. आम्ही अंधार पडेपर्यंत तिथेच शोधत होतो."

हे वाक्य इतक्या तोंडांतून फिरून आलं होतं, की त्याचा चोथा झाला होता. बाबांचा नुसता पाय मोडला होता. उडताना ते डोंगराच्या सोंडेच्या अलीकडे पडले आणि शोध पलीकडे चालला. रात्रीच्या थंडीने गेले. चूक त्यांचीच, हे सगळ्यांनी ठरवून टाकलं. मीसुद्धा.

काउंटरवर चार यंत्रं मांडली होती.

"ताई, हे घेऊ. उंचीचा आलेख दाखवतं," धाकटा म्हणाला.

"आलेख राहू दे. पडल्यावर, हातमोजे घालून वाचता आलं पाहिजे." मी यंत्र उचललं. "मास्तर, मी वाचते. मैदानावर लिहिता तसं लिहून घ्या."

"मास्तरांचीच परीक्षा! घे बाई."

अक्षांशाचे अंश सांगून मी पुढे वाचलं, "एक्केचाळीस पॉइंट तीन दोन सात मिनिटं."

त्यांनी चिठ्ठीवर लिहिलं: ४१ मिनिटं, ३२ सेकंद.

"आणि सात?"

"शेवटचा आकडा मी घेतच नाही. पाच-पंचवीस पावलांनी काय होतंय?"

"पण सेकंद कुठे म्हणाले मी?"

"मग पॉइंटनंतर दुसरं काय असतं?"

पॉइंटनंतर त्याच मिनिटाचा दशांश भाग असतो. पॉइंट तीन दोन म्हणजे जेमतेम एकोणीस-वीस सेकंद. बाबांच्या यंत्रात साठवलेला आकडा मला पाठ होता: पंचवीस पॉइंट पाच शून्य शून्य. साडेपंचवीस मिनिटं. म्हणजे तीस सेकंद, पन्नास नव्हे. वीस सेकंदांची चूक जमिनीवर सहाशे मीटर होते. मोडक्या पायाने बाबांनी अचूक वाचलं होतं.

मी हे सगळं सावकाश सांगितलं. मास्तर पेन्सिलीच्या टोकाने कान कोरत ऐकत होते. मग त्यांनी ते टोक न्याहाळलं आणि पँटला पुसलं.

"गेलेल्या माणसाचं कशाला उकरायचं आता? वीस वर्षं असंच लिहितोय. कोणाची तक्रार नाही."

"वीस वर्षांत कोणाला शोधावं लागलं नव्हतं."

मी धाकट्याकडे पाहिलं. त्याला समजलं होतं. लहानपणी चोरी पकडली की व्हायच्या, तशा त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. उडायचा डोंगर मास्तरांच्या ताब्यात. त्यांच्या सहीशिवाय कोणी उडत नाही. तो बाबांच्या बाजूने एक शब्द बोलेल म्हणून मी थांबले.

"मास्तर, याला कव्हर मिळतं का?"

"मिळतं की! तुला फुकट. कुठला रंग?"

"केशरी," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "लांबून दिसतं."

ओकारीआधी सुटतं तसं माझ्या तोंडाला पाणी सुटलं. ती चिठ्ठी मी रुमालात धरून उचलली आणि बाहेर पडले.