चौकापुरती खुर्ची

मित्रांनो, मी लहान मुलांची एक जुनी खुर्ची आहे. घरातली नव्हे, मोटारीतली. टणक प्लॅस्टिकचं अंग, वर मऊ गादी आणि मध्ये एका लाल बकलात अडकणारे पाच पट्टे, असा माझा देह. कारखान्यात माझ्या एका बहिणीत बाहुलं बसवून तिला वेगाने भिंतीवर आदळलं होतं. बहिणीला तडे गेले, बाहुलं जागचं हललं नाही. ते ऐकून आम्हा सगळ्यांची मान ताठ झाली होती.

मला घेतलं एका मामाने. तो रुग्णवाहिका चालवायचा. भाची वर्षाची झाली, तेव्हा त्याने मला आपल्या बहिणीच्या घरी आणलं आणि घामाघूम होत गाडीच्या मागच्या सीटवर घट्ट बसवलं.

"भाऊजी, हिला यात बसवल्याशिवाय गाडी सुरू करू नका," तो म्हणाला. "मी रस्त्यावरून काय काय उचलून आणतो, ते तुम्हाला सांगत नाही."

बाबा हसले. "अरे, आम्ही काय असल्या खुर्च्यांत वाढलो? आहोत ना धडधाकट?"

पहिले चार दिवस माझं कोण कौतुक! फोटो निघाले. पाचव्या दिवशी पट्टे लावताना ठकीने भोकाड पसरलं. चिमुरडीला सगळे ठकीच म्हणत. आत्याचा जीव कळवळला.

"लेकराला काय वासरासारखं बांधून घालता? आण इकडे. मी आहे ना धरायला!"

मांडीवर जाताच ठकी गप्प झाली. सगळ्यांना हायसं वाटलं. मी तेवढी रिकामी राहिले.

पुढे कायदा आला. मूल खुर्चीत नसेल तर दंड! मला वाटलं, आता आपले दिवस फिरले. कसले फिरतायत! मोठ्या चौकात पोलीस उभा असायचा. चौकाच्या जरा अलीकडे बाबा म्हणत, "टाक गं तिला खुर्चीत." चौक ओलांडला की, "हं, घे आता."

एकदा आई चाचरत म्हणाली, "बसलीच आहे तर राहू दे ना."

"रडून डोकं उठवेल. घर आलंच की."

कायदा पाळला जात होता, पण चौकापुरता. मग तो पोलीसही दुसरीकडे गेला आणि माझी रवानगी डिकीत झाली.

एका रविवारी दुपारी पुढची बस अचानक थांबली आणि आमची गाडी तिच्यावर आदळली. वेग फार नव्हता. मोठ्यांना खरचटलं, एवढंच. पण पुढच्या सीटवर आत्याच्या मांडीत बसलेली ठकी हातांतून सुटली आणि तिचं डोकं समोर आपटलं. डिकीच्या अंधारात मी ठकीच्या रडण्याची वाट पाहत होते. ते ऐकूच आलं नाही.

चार दिवसांनी मामाने मला डिकीतून बाहेर काढलं. आत्या शेजारी उभी होती.

"घट्ट धरलं होतं रे मी! देवाशपथ, घट्ट धरलं होतं."

"पैलवानाच्या हातातूनही सुटली असती, अक्का," मामा म्हणाला. बाबांकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही.

अपघात झालेल्या गाडीतली खुर्ची पुन्हा वापरू नये, म्हणून मामाने नवी आणली. मी गॅलरीत धूळ खात पडले. ज्या एका क्षणासाठी मला घडवलं होतं, त्या क्षणी मी पिशव्यांखाली होते.

ठकी तीन महिन्यांनी इस्पितळातून घरी आली. तिचा उजवा हात चालत नाही. येत होते तेवढे शब्दही गेले. बाबा रोज तिला उपचाराला नेतात. मी वरून पाहते. ते नवी खुर्ची दोनदा हलवून बघतात, पट्टे तपासतात, मग पुन्हा तपासतात. ठकी हूं की चूं करत नाही. बाबा तिच्या तोंडाकडे बघत तसेच वाकून उभे राहतात. बहुधा तिने एकदा तरी भोकाड पसरावं, म्हणून.

मित्रांनो, मोठी माणसं पोलिसाला भितात, पोराच्या रडण्याला भितात, रस्त्याला मात्र भीत नाहीत. म्हणून मी तुम्हालाच सांगते. गाडीत बसलात की तुम्हीच अडून बसा. आधी पट्टा, मग किल्ली. आणि धाकटं भावंड रडायला लागलं, तर त्याला कुणालाही मांडीवर घेऊ देऊ नका. रडू दे त्याला. रडत का होईना, घरी पोचेल.